कुंपण कशाचं घालावं?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेल्या कुठल्याही गृहसंकुलात जा, नव्या बंगल्यांच्या वसाहतीत जा, नाहीतर हायवेचा दुभाजक बघा. कुंपणाला एकच झाड दिसतं, ते म्हणजे पिवळा ड्युरांटा. नर्सरीवाले त्याला नुसतं ‘गोल्डन’ म्हणतात. पुण्यात तोच, नांदेडात तोच. काळ्या जमिनीत, मुरमात, भर उन्हात आणि सात मजली इमारतीच्या सावलीतही तोच. खरं तर सावलीत त्याचा पिवळेपणाही जातो, पण तोवर बिल निघालेलं असतं. कंत्राटदाराच्या दृष्टीने हे झाड सोन्यासारखंच आहे. काडी खोचली की जगते, रोप स्वस्त मिळतं आणि वर्षभरात पट्टी भरून दिसते. पुढचं रामायण सोसायटीच्या माळ्याने निस्तरायचं.

ड्युरांटा मूळचा उष्ण अमेरिकेतला. त्याची पानं आणि नारिंगी-पिवळी फळं विषारी असतात. सतत कापलेल्या कुंपणाला फळं धरत नाहीत. कापायचं राहिलं की घोसच्या घोस लोंबतात आणि मुलांचा हात सहज पोचेल अशा उंचीवर लोंबतात. पावसाळ्यात त्याला दर दोन-तीन आठवड्यांनी कात्री लागते. एवढी सेवा करून हाती येते ती गुडघाभर पट्टी, जी भटकं कुत्रंही न थांबता ओलांडतं. दुभाजकावर रंगाची रेघ हवी असेल तर ड्युरांटा ठीक आहे. पण घराभोवती कुंपण घालताना आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: अडवायचं कोणाला, आणि कापणार कोण. झाडाचं नाव त्यानंतर येतं.

आपल्या देशात हा विचार सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला तो एका बदनाम कामासाठी. मिठावरचा कर चुकू नये म्हणून ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात जकातीची एक लांबच लांब सरहद्द आखली आणि तिच्यावर काटेरी कुंपण घातलं. पंजाबातून निघालेलं हे कुंपण खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपूरपर्यंत येत होतं. आधी ते बहुतेक वाळक्या काट्यांचं होतं. वाळवी खाई, वणवा लागे, वादळात उडून जाई, आणि दरवर्षी पुन्हा काटे वाहून आणावे लागत. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे आयुक्त होते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, तेच ह्यूम, ज्यांच्या पुढाकाराने १८८५ साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. त्यांनी जिवंत कुंपणाचा ध्यास घेतला. कुठल्या मातीत आणि किती पावसात कोणतं झाड तग धरतं याचे प्रयोग केले. मुख्य भर बोर, बाभूळ, करवंद आणि चिकाच्या निवडुंगांवर होता. काहीच जगत नाही तिथे फड्या निवडुंग आणि काही ठिकाणी बांबू. माती भिकार असेल तिथे ती उपसून चांगली भरली, पुराच्या पट्ट्यात बांध घालून त्यावर लावण केली. काही ठिकाणी हे कुंपण बारा फूट उंच झालं. १८७९ मध्ये ही सरहद्द मोडीत निघाली आणि कुंपण इतकं विस्मरणात गेलं, की रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाला त्याचा माग काढत वणवण करावी लागली. त्यांचं पुस्तक २००१ साली आलं. कर अन्यायाचाच होता. पण जागा बघून झाड ठरवायचं, ही ह्यूम यांची रीत आज पन्नास फुटांच्या कुंपणालाही कोणी वापरत नाही.

देशावरच्या कमी पावसाच्या भागात माझं पहिलं मत मेंदीला. हातावर रंगते तीच ही मेंदी. जुन्या शाळा, सरकारी विश्रामगृहं, जिल्ह्याच्या गावातले दगडी बंगले यांच्याभोवती तिची कुंपणं अजून बघायला मिळतात, आणि त्यातली काही त्या इमारतींच्या बरोबरीच्या वयाची असावीत असं बुंध्यांवरून वाटतं. हलकी जमीन तिला चालते. वय झालेल्या फांद्यांची टोकं काट्यासारखी टणक होतात. बुंध्यापर्यंत कापली तरी ती पुन्हा फुटते, हा तिचा खरा गुण. दोष दोन. सुरुवातीला ती हळू वाढते, आणि ऐन उन्हाळ्यात पाणी तुटलं की पानं गाळून विरळ दिसते. पण एखाद्या वर्षी कापायचं राहिलं तर बारीक फुलांचे तुरे येतात आणि अख्खी गल्ली घमघमते. ड्युरांटा लावणाऱ्यांना हे सुख माहीत नसतं.

शेताच्या बांधावरची मंडळी वेगळी. शेर, निवडुंग, घायपात, सागरगोटा, चिल्हार ही गुरं-शेळ्यांना थोपवायला लावलेली झाडं. ती बागेत आणायची हौस हल्ली वाढली आहे, कारण पाणी लागत नाही. शेराच्या बाबतीत मात्र जपून. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. ज्या घरात लहान मुलं आहेत, किंवा छाटणीला दरवेळी नवा माणूस येतो, तिथे शेर नको. शेळ्यांचाच त्रास असेल तर निरगुडी आणि अडुळसा ही दोन साधी झुडपं आहेत. शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत, दोन्ही काडीवर लागतात, दोन्ही घरातल्या औषधाला उपयोगी पडतात. निरगुडीच्या जांभळट तुऱ्यांवर मधमाश्यांची वर्दळ असते. तरीही नर्सरीत ही रोपं मागितली की माणूस आपल्याकडे दया आल्यासारखं बघतो.

घाट उतरलं की प्रश्नच बदलतो. कोकणात आणि गोव्यात पाऊस इतका, की सगळंच वाढतं. अडचण असते ती उरलेल्या आठ महिन्यांच्या कोरड्याची आणि कातळाची. जुनी पद्धत म्हणजे जांभ्याचा गडगा, नाहीतर काट्याकुट्यांची वई, आणि तिच्यात अधूनमधून खोचलेले मोगली एरंडाचे किंवा गिरीपुष्पाचे खुंट, जे पहिल्या पावसात फुटतात. मोगली एरंडाच्या बिया विषारी. शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलांनी खाल्ल्या आणि उलट्या-जुलाबांनी दवाखाना गाठला, हे प्रकार आपल्याकडे पुन्हा पुन्हा घडतात. २००३च्या सुमारास याच झाडाच्या तेलावर गाड्या चालवण्याची स्वप्नं सरकारी पातळीवर रंगली होती. ती विरली आणि एरंड पुन्हा कुंपणाला आला. गिरीपुष्प बरं, त्याचा पाला शेतात खताला जातो, पण ते मोठं होतं आणि खालून उघडं पडतं.

कोकणासाठी करवंदाइतकं चांगलं कुंपण मला दुसरं दिसत नाही. बारमाही हिरवं, पान जाड आणि तकतकीत, काटे दुहेरी आणि लाकडासारखे कठीण. माणूस, गुरं, डुक्कर, कोणीही त्यातून घुसायला धजावत नाही. कातळावरच्या वीतभर मातीत ते उभं राहतं आणि एकदा मूळ धरलं की पाणी मागत नाही. पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांना जुईच्या जवळ जाणारा वास असतो. कच्च्या फळांचं लोणचं होतं आणि पिकलेली करवंदं मुलांच्या हाती लागतात तेव्हा शाळेला सुट्टी असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळाची ‘कोकण बोल्ड’ ही जात दिली आहे. फळही हवं असेल तर तीच मागावी. कात्री वर्षातून दोनदा पुरते. फळं हवी असली तर मुख्य छाटणी हंगाम संपताच, पावसाच्या तोंडाशी करावी. हिवाळ्यात कात्री चालवली तर येणारी फुलंच कापली जातात. रोपं बियांची असतात, त्यामुळे पहिली दोन वर्षं हाती काही लागत नाही. या दोन वर्षांतच लोकांचा धीर सुटतो आणि ते तारेचं कुंपण घालून मोकळे होतात. मला विचाराल तर तार जरूर घाला, आणि तिच्या आतल्या बाजूला करवंद लावा. तार गंजेल तेव्हा करवंद तयार असेल.

समुद्राला अगदी लागून घर असेल, तर खारा वारा बहुतेक पानं करपवतो. तिथे कोयनेल. खाडीच्या काठाने आपसूक वाढणारं हे झुडूप खारी हवा आणि खारी जमीन दोन्ही सोसतं, काडीवर लागतं आणि कात्रीने म्हणाल तो आकार घेतं. झुडपं कापून हत्ती-घोडे करायची हौस आपल्याकडे मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमुळे पसरली. तसं काही करायचंच असेल तर कोयनेलसारखं सोशिक झाड शोधून सापडणार नाही. सिंधुदुर्गात बांधाला माणगा बांबूची बेटं लावतात. बिनकाट्याचा, भरीव आणि विकला जाणारा हा बांबू वाऱ्याला चांगला अडसर आहे. मात्र तो वाडीच्या हद्दीला शोभतो, चार गुंठ्यांच्या बंगल्याला नाही.

कुंपणच शेत खातं, ही म्हण आपल्याकडे वनस्पतींनी शब्दशः खरी केली आहे. घाणेरी, म्हणजे टणटणी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आणि कुंपणासाठी भारतात आणली. रंगीत फुलं, काटेरी खोड, गुरं खात नाहीत. तेव्हाच्या माळ्याला याहून काय हवं? फळं पक्ष्यांनी खाल्ली आणि बिया रानोमाळ नेल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या वावराच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात ती पोचली आहे. फड्या निवडुंगाचीही तीच कथा. तो इतका माजला, की १९२६ साली त्याच्यावर जगणारा कोचिनिअल जातीचा किडा मुद्दाम सोडावा लागला, आणि त्या चिमुकल्या किड्याने जे केलं ते कुऱ्हाडींना जमलं नव्हतं. वेडी बाभूळ आणि बेशरम यांच्याबद्दल मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. म्हणून बाहेरून आलेलं, भराभर वाढणारं आणि पक्ष्यांना आवडणारी फळं देणारं कुठलंही ‘नवीन हेज’ नर्सरीवाला हौसेने दाखवू लागला, की जरा थांबावं.

शहरातल्या लहान बागेला काटे नको असतात. आडोसा हवा असतो, आणि जमलं तर देवाला फूल. तगर या कामाला उत्तम आहे. अर्ध्या सावलीत चालते, बारमाही हिरवी, आणि थोडी सैल ठेवली तर रोज पहाटे परडीभर फुलं. जास्वंदीचं कुंपण करायचं असेल तर ते चौकोनी कापू नये. फुलं नव्या फुटीवर येतात आणि दर महिन्याला शेंडे उडवले तर नुसती पानं उरतात. शिवाय पिठ्या ढेकूण तिच्यावर घर करतो. सलग जास्वंद लावली की एका झाडाची कीड आठवड्यात सगळ्या रांगेत. बोगनवेल पाणी वाचवते, पण रस्त्याच्या बाजूला तिचे काटे पादचाऱ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. फायकस फार सुबक दिसतो. त्याची मुळं मात्र ड्रेनेजची पाइप शोधतात आणि सापडल्यावर सोडत नाहीत. कण्हेर आणि बिट्टी दोन्ही विषारी, मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ नकोत. पिवळी कोरांटी मात्र फारच दुर्लक्षित आहे. इथलीच, काटेरी, कंबरेइतकी, आणि पाऊस सरल्यावर फुलांनी भरणारी. लहान कुंपणाला ती ड्युरांट्याहून कितीतरी सरस.

कुंती, म्हणजे कामिनी, ही मला सगळ्यांत देखणी वाटते. गडद तकतकीत पानं, दाट वाढ, आणि पाऊस पडून गेल्यावर एकदम येणारा पांढरा बहर. ती लिंबाच्या कुळातली. त्यामुळे नागपूर, अमरावती, वरूडच्या संत्रापट्ट्यात तिचं कुंपण लावू नये. लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग हा रोग पसरवणारी सायला कीड कामिनीवर सुखाने राहते, आणि कढीपत्त्यावरही. बागायतदाराच्या बांधाशेजारी बंगला बांधणाऱ्यांनी एवढं तरी पाळावं.

सोसायटीच्या सभेत कुंपणाचा विषय निघाला की एक सभासद हमखास म्हणतो, “झाडी वाढली की साप येतात.” साप येतात ते उंदरांमागे, आणि उंदीर येतात ते कुंपणाच्या बुडाशी साठलेल्या कचऱ्यामुळे. दहा वर्षांच्या एखाद्या ‘टापटीप’ कुंपणात हात घालून फांद्या बाजूला करून बघा. वरची हिरवी साल चार बोटांची असते. आत नुसत्या वाळक्या, राखाडी काड्या आणि त्यांत अडकलेल्या वेफर्सच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, क्रिकेटचा हरवलेला चेंडू. जमिनीपासून फूटभर तर पान नसतंच. म्हणजे अडवायच्या जागी भोकं आणि वर छप्पर.

हे घडतं चुकीच्या कापण्यामुळे. आपल्याकडे कुंपण वरून सपाट आणि बाजूंनी सरळ कापतात. पुष्कळदा वरचा भाग खालच्यापेक्षा रुंद होतो. मग वरची पानं खालच्यांचं ऊन खातात आणि बुडखा उघडा पडतो. तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवला तर ऊन जमिनीपर्यंत उतरतं. हुशार माळी दोन्ही टोकांना बांबूच्या काठ्या किंचित आत कलत्या रोवतो, त्यांना दोरी ताणून बांधतो आणि दोरीच्या बाहेर येईल तेवढंच कापतो. नजरेवर विश्वास ठेवणारा माळी दर खेपेला दोन बोटं बाहेर सरकत जातो.

दुसरी हयगय पहिल्याच वर्षी होते. रोप लावल्यावर ते ‘वर यावं’ म्हणून कोणी कात्री लावत नाही. खरं तर रोपानं मूळ धरलं, की शेंडा खुडून ते वीतभर उंचीवर कापायला हवं. तिथून चार फुटवे निघाले की पुन्हा त्यांच्या वीतभरावर. कुंपण दाट होतं ते इथेच, नंतर वरून कितीही कापलं तरी बुंध्याशी फांद्या येत नाहीत. लावणीसाठी उन्हाळ्यात दीड-दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल चर काढून उन्हात तापू द्यावा, शेणखत मिसळून भरावा आणि पहिला पाऊस चांगला मुरल्यावर रोपं लावावीत. मेंदीसारखी बारीक झाडं दोन ओळींत, वीत-दीड वीत अंतराने, आणि समोरासमोर न येता दोन रोपांच्या मधल्या जागेसमोर तिसरं अशी. करवंदाला दोन-तीन फूट अंतर पुरे. आणि चर आपल्या हद्दीच्या दोन फूट आत काढावा. कुंपण जाडावतं. शेजारी त्याची निम्मी बाजू कापणार, मनाला येईल तशी कापणार, आणि एक दिवस बांधाचं भांडण सुरू होणार. आत कापायला स्वतःची पायवाट असावी, हे शहाणपण.

एकच जात सलग लावावी की मिसळून, हाही वाद आहे. रांगेचा एकसारखेपणा डोळ्याला बरा वाटतो. पण करवंद, कोरांटी, कुंती, मधूनच एखादं माकडलिंबू अशी मिसळण असली तर एका किडीने सगळं जात नाही, आणि बुलबुल, शिंपी, शिंजीर वस्तीला येतात. माकडलिंबावर नीलवंत फुलपाखराच्या अळ्या वाढतात. २०१५ पासून ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. जागा चाळीस फुटांपेक्षा जास्त असेल तर मी मिसळणीच्या बाजूने.

आता कडा, म्हणजे वाफ्याची किंवा हिरवळीची सीमा. सरकारी कचेऱ्यांमध्ये विटा तिरप्या पुरून त्यांना गेरू आणि चुना फासायची पद्धत साहेबाच्या जमान्यापासून चालत आली आहे. दिसायला ती करवतीच्या दातांसारखी, आणि कामाला निरुपयोगी, कारण दोन दातांच्या मधून हरळी सुखाने वाफ्यात शिरते. काठाचं खरं काम हरळी रोखण्याचं. त्यासाठी वीट उभी, सांधा घट्ट, आणि निम्म्याहून जास्त जमिनीत हवी. हिरवळीच्या बाजूला वीटभर रुंदीची सपाट पट्टी जमिनीच्या पातळीत बसवली तर गवत कापायच्या यंत्राचं चाक तिच्यावरून जातं आणि काठ हाताने कापत बसावं लागत नाही. लव्हाळ्याला मात्र कुठलाही काठ अडवू शकत नाही. त्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात.

साहित्य जवळचंच घ्यावं. कोकणात जांभा, देशावर काळा दगड, नाहीतर शहाबादी फरशीचे तुकडे उभे पुरून. प्लास्टिकच्या हिरव्या पट्ट्या दोन उन्हाळ्यांत तडकतात आणि त्यांचे तुकडे मातीत कायमचे राहतात. मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंटचा कठडा बांधून आत फरशी बसवणं हा तर झाडाचा गळा आवळण्याचा प्रकार. दिल्लीत झाडांभोवती मीटरभर जागा सिमेंटमुक्त ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ साली द्यावा लागला. आपल्या आजीची आळ्याची कल्पना बरोबर होती.

झाडांची कड हवी असेल तर उतारावर गवती चहा. माती धरून ठेवतो आणि चहाला पाती मिळते, फक्त पायवाटेला अगदी चिकटून नको, पात्याची धार पोटऱ्यांना लागते. सावलीत अबोली. उन्हात पावसाळी लिली, जिचे कंद दर दोन-तीन वर्षांनी उकरून विरळ करायचे. लाल-हिरव्या अल्टरनँथेराने उतारावर संस्थेचं नाव लिहिण्याची हौस ज्यांच्याकडे पगारी माळी आहे त्यांनीच करावी.

थोडक्यात, देशावर मेंदी, कोकणात करवंद, किनाऱ्यावर कोयनेल, शहरातल्या सावलीत तगर, आणि संत्रापट्टा सोडून कुठेही कुंती. रोपांची मागणी नर्सरीत एप्रिलमध्येच नोंदवा. जूनमध्ये गेलात तर समोर ट्रकभर गोल्डन ड्युरांटा उभा असेल, आणि तोच घेऊन घरी याल.